चूल ओली असल्याचे वर्तमान

बाळांनो, क्षणभर डोळे मिटावे आणि ऐसी कल्पना करावी की तुमच्या घराला स्वयंपाकघर नाही. भिंती आहेत, वर कौले आहेत, पण आत चूल नाही, फडताळ नाही, मिठाची बरणी कोठे गेली ते कोणास ठाऊक नाही, आणि भूक मात्र वेळेवर हजर आहे. केली कल्पना? आता डोळे उघडावे आणि पुढील करीना ऐकावा. करीना म्हणजे घडल्या गोष्टीची रीतसर हकीकत. जुने शब्द पुष्कळ येतील, त्यांस भिऊ नये. अडेल तेथे आम्ही सांगत जाऊ.

शके एकोणीसशे पाच, म्हणजे इसवी सन एकोणीसशे चौऱ्यांशीचा आरंभ. बेळगाव शहरी टिळकवाडीत राजश्री हरिभाऊ नांदत होते. टपाल कचेरीत कारकुनी, स्वारीस एक सायकल आणि पावसाळ्यास एक छत्री, ऐसा त्यांचा सरंजाम. त्यांच्या कुटुंब सौभाग्यवती वसुधाबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका. कन्या चिरंजीव कल्याणी, वय वर्षे दहा, इयत्ता पाचवी. परंतु घरातील खरी हुकूमत हरिभाऊंच्या वडील भगिनी लक्ष्मीबाई आक्कासाहेब यांची. आईबाप लवकर गेले तेव्हा आक्कासाहेबांनीच धाकट्या भावास वाढविले आणि शिकविले, आणि मग तीस वर्षे या घरचा मुदपाकखाना एकहाती राखिला. मुदपाकखाना म्हणजे राजाचे स्वयंपाकघर. येथे राजा नव्हता, परंतु शिस्त राजवाड्याची होती.

त्या मुदपाकखान्यात जमिनीवर मातीची चूल होती, आणि रांधणाऱ्याने तिच्यापुढे उकिडवे बसावे असा रिवाज होता. पुढे आक्कासाहेबांनी स्वयंपाक वसुधाबाईंच्या हाती दिला, देखरेख आपल्याकडे ठेविली, आणि काही वर्षे बरी गेली. मग त्या वर्षी दिवाळीनंतर वसुधाबाई शाळेच्या पायरीवरून घसरल्या आणि उजवा गुडघा दुखावला. डॉक्टरांचा हुकूम जाहला की यापुढे उकिडवे बसू नये. परंतु चूल जमिनीवर आणि पोटे चार. सबब वसुधाबाई बसत होत्याच, आणि एकदा बसल्या म्हणजे उठताना कल्याणीस हाक मारीत होत्या, आणि ती पुस्तक टाकून धावत येई, आणि आईने तिच्या खांद्यावर भार दिला म्हणजे दात आवळून उभी राही. महिनाभराने गुडघा नारळासारखा सुजला. तेव्हा वसुधाबाईंनी मसलत मांडिली की जमिनीवरील चूल मोडावी, उभ्याने रांधण्यास ओटा घालावा, त्यात नव्या तऱ्हेची निर्धूर चूल बसवावी, आणि धूर नळाने कौलाबाहेर काढावा.

हे ऐकून आक्कासाहेबांनी भाकरीचे पीठ चाळणे थांबविले.

"उभ्यानं रांधलेलं अंगाला लागत न्हाय, वसुधा."

"वन्सं, बसून रांधलेलं माझ्या गुडघ्याला लागायलंय."

"आमची आजी सत्तर वर्षं बसली."

"त्यांना शाळेची पायरी न्हवती."

हरिभाऊ त्या समयी वर्तमानपत्र वाचीत होते, ते उलटे धरिले आहे हे त्यांच्या ध्यानी आले नाही. मग तीन दिवस खलबते चालली, आणि चौथ्या दिवशी आक्कासाहेबांनी तह फर्माविला. त्यांचे म्हणणे न्यायाचे होते. ज्या घराला चार दिवस चुलीवाचून पोट भरता येत नाही, त्या घराने चूल मोडू नये. सबब कलमे ठरली ती येणेप्रमाणे. नवी चूल पेटेपर्यंत प्रत्येक जेवण घरचेच व्हावे. खाणावळीचा डबा किंवा शेजारची आमटी उंबऱ्याच्या आत येऊ नये. रोजचे जेवण शाळा-कचेरीच्या आधी आणि शनिवार-रविवारचे दुपारी एकच्या आत मांडिले जावे. जेवण म्हणजे शिजलेला भात किंवा भाजलेली भाकरी. भिजवलेल्या पोह्यांस जेवण म्हणू नये. एक वेळ जरी चूक जाहली तरी गवंड्याने जमिनीवर पुन्हा चूल घालून द्यावी आणि ओटा डबे मांडण्यास वापरावा. वसुधाबाईंनी मान्य केले. हरिभाऊंनीही मान्य केले, परंतु त्यांस कोणी विचारिले नव्हते.

माघ शुद्ध चतुर्थीस सिद्राम गवंडी बैलहोंगलाकडून आला आणि पहारीच्या सात घावांत जुनी चूल मोडिली. आक्कासाहेब त्या समयी देवघरात होत्या. पहारीचा प्रत्येक घाव त्यांनी मोजिला, आणि पुढे कित्येक वर्षे तो आकडा कोणी न विचारिता सांगत असत.

मग मुदपाकखान्याने कूच केली आणि सोप्यात मुक्काम पडला. सोपा म्हणजे घराची पुढची पडवी. तेथे दोन शस्त्रे होती, एक वातीचा स्टो आणि एक कोळशाची शेगडी. स्टोवर भात चढे, शेगडीवर भाकरी. भात उतरल्यावर आमटी चढे, आणि आमटीस उकळी येईतो भात निवे, आणि भात ऊन करण्यास घ्यावा तर आमटी निवे. हा पेच पाच दिवस चालला. सहाव्या दिवशी वसुधाबाईंनी नवा व्यूह रचिला. भाताचे पातेले उतरताच ते गोधडीत गुंडाळून हरिभाऊंच्या मांडीवर ठेवावे, आणि आमटी होईतो त्यांनी हलू नये. हरिभाऊ पंधरा-पंधरा मिनिटे मांडी घालून बसत, आणि कचेरीतील मंडळींस त्यांच्या विजारीस बासमतीचा वास येऊ लागला.

वाराही शत्रूपक्षास मिळाला. पश्चिमेकडून झुळूक आली की वाती फडफडत आणि भात अर्धकच्चा राही. तेव्हा आक्कासाहेब, ज्या तहाप्रमाणे तटस्थ होत्या, स्टोच्या पश्चिमेस येऊन उभ्या राहत आणि लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी पसरून धरीत. कल्याणीने एकदा विचारिले की, आत्या, तू आमच्या बाजूची काय?

आक्कासाहेब उत्तरल्या, "मी वाऱ्याच्या विरुद्ध हाय. तुमचं तुमी बघा."

आठव्या दिवशी शेजारच्या अक्काताईंनी वाटीभर कुंदा पाठविला. कुंदा हा बेळगावी खव्याचा गोड पदार्थ, आणि त्यापुढे मोठमोठ्यांचे निश्चय ढळले आहेत. वाटी उंबऱ्यावर थांबविण्यात आली आणि दरबार भरला. कल्याणीने वकिली केली की कुंदा हा खाऊ आहे, आणि खाऊ म्हणजे जेवण नव्हे, कारण तहात फक्त भात आणि भाकरी ही दोन नावे आहेत. आक्कासाहेबांनी पुष्कळ विचार केला आणि वाटी आत घेण्याची परवानगी दिली. त्या म्हणाल्या की पोरगी वकील होणार. मग पहिला चमचा त्यांनीच घेतला, न्यायनिवाड्याचा शीण घालविण्याकरिता.

येणेप्रमाणे बारा दिवस गेले. एकही जेवण चुकले नाही, एकही डबा आला नाही. वसुधाबाई सोप्यात पाटावर पाय लांब करून बसत आणि तेथूनच सर्व लढवीत. परंतु बसणे ते बसणेच, आणि सूज काही उतरेना.

आता बाळांनो, नीट ऐका, कारण येथे या मोहिमेस विलक्षण वळण लागले, आणि ते केवळ एका शब्दाने.

आक्कासाहेबांस कानडीचा मोठा अभिमान होता. भाजीबाजारात त्या 'येष्टु' म्हणून भाव विचारीत, 'कडिमी माडरी' म्हणून कमी करवीत, आणि वांगी विकणाऱ्या बाया त्यांस पाहून आधीच भाव उतरवीत. या पराक्रमामुळे त्यांनी सिद्राम गवंड्यास पहिल्याच दिवशी बजाविले होते की माझ्याशी मराठीत बोलू नको, मला कन्नड येतं. बिचारा सिद्राम दोन्ही भाषा मिसळून बोलणारा, पण हुकूम तो हुकूम. परंतु आक्कासाहेबांची कानडी भाजीबाजार जिंकून तेथेच छावणी करून राहिली होती. कोणा कानडी घरच्या स्वयंपाकघरात तिचा प्रवेश कधी जाहला नव्हता.

बाराव्या दिवशी सायंकाळी ओटा पुरा जाहला. चूल तर दोन दिवस आधीच बसून सुकलीही होती. सिद्रामच्या धाकट्या भावाचे लग्न होते आणि बैलहोंगलाची गाडी सुटण्यास आली होती. त्याने थैली खांद्यास मारिली, तोंडातील तंबाखू एका गालास सारिली, आणि दारात उभ्या आक्कासाहेबांस हुकमाप्रमाणे कानडीत सांगितले.

"ओली आगेत्री, अक्कारी."

आणि गेला. चुना लावण्यास लग्नानंतर येणार होता.

कानडीत चुलीस 'ओले' म्हणतात, आणि आपल्याकडील बोलीत 'ओली'. 'आगेत्री' म्हणजे झाली. सिद्राम म्हणाला की चूल झाली, बाईसाहेब. आक्कासाहेबांस 'आगेत्री' ठाऊक होते. 'ओली' तर काय, मराठीच. त्यांनी दोहोंचा मेळ घातला आणि घरात वळून वर्तमान दिले, "गवंडी म्हणाला, चूल ओली हाय."

येथे एक गोष्ट ध्यानी धरावी. हरिभाऊंची कचेरीत रोज कानडीशी गाठ पडे. सिद्रामचे शब्द त्यांच्या कानी पडते तर ते त्याच क्षणी समजते. परंतु त्यांच्यापर्यंत शब्द आलेच नाहीत, अर्थ आला, आणि तोही शुद्ध मराठीत. त्यात शंका घेण्यास जागा कोठे?

लागलीच हुकूम सुटला. स्वयंपाकघराच्या दारात रांगोळीची रेघ ओढिली, आणि गवंडी परत येऊन आपल्या तोंडाने सांगेतो कोणी आत पाऊल घालू नये, ओल्या सिमेंटावर पाऊल उमटले म्हणजे जन्मभर राहते, ऐसे फर्माविले. नव्या चुलीकरिता फोडून आणिलेले सरपण आत कोपऱ्यात रचिले होते. तेही रेघेपलीकडे राहिले. हरिभाऊंनी खिडकीतून पाहिले. चुलीवर काळे सिमेंट लिंपिले होते, आणि काळे सिमेंट ओले असो की वाळलेले, खिडकीतून सारखेच दिसते. ते म्हणाले, ओली वाटतेय खरी.

मग काय सांगावे! पुरी जाहलेली चूल दहा पावलांवर उभी आणि तिची मालकीण सोप्यात शेगडी फुंकीत बसली, ऐसे सात दिवस गेले. कित्येक लढाया इतिहासात अकारण जाहल्या आहेत, परंतु ही त्यांपैकी सर्वांत जास्त धुराची. सहाव्या दिवशी शेगडीची जाळी जळून खाली गळाली. सातव्या दिवशी स्टोतील रॉकेल तळास गेले. वसुधाबाईंनी वाती वर ओढून त्याच थेंबांवर रात्रीचे पिठले-भात काढिले, आणि स्टो आपणहून विझला.

आठवा दिवस माघ वद्य नवमी, शनिवार. वसुधाबाई आणि कल्याणी सकाळच्या शाळेस गेल्या. हरिभाऊंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकिली आणि डबा घेऊन रॉकेलच्या रांगेत उभे राहिले. अकरा वाजता दुकानदाराने फळी लाविली आणि सांगितले, सोमवारी या. अक्काताईंनी निरोप धाडिला की आमच्या घरी येऊन भात लावून न्या. त्यास तह आडवा आला. परसात तीन विटा मांडाव्या तर सरपण रेघेपलीकडे.

वसुधाबाई साडेअकरास परतल्या आणि हे सर्व ऐकून सोप्यातील खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "जावा, खाणावळीतनं डबा आणा. पोरगी उपाशी येईल."

हरिभाऊ म्हणाले, "अजून दीड तास हाय."

"दीड तासात काय उगवणार हाय का? जमिनीवर बसायचं नशिबात हाय, बसते मी. आणा."

आक्कासाहेब दारात उभ्या होत्या. त्यांची सरशी होत होती, परंतु त्यांनी पदराने तोंड पुसले आणि दुसरीकडे पाहिले. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "एवढ्या लांब आणलंस गं, आणि आज."

हरिभाऊंनी फळीवरून चार पुडांचा डबा काढिला आणि धुण्यास बसले. तो डबा त्यांनी तीन वेळा धुतला.

त्याच समयी कल्याणीच्या शाळेत शेवटचा तास कानडीचा चालला होता. पाचवीस कानडी नवीन, आणि मुली एक एक वाक्य वाचून त्याचा अर्थ सांगत. कल्याणीच्या वाट्यास वाक्य आले, 'तायि ओले हच्चिदळु.' तिने स्वच्छ वाचिले आणि अर्थ सांगितला.

"आईनं ओलं केलं."

"काय ओलं केलं?" बाईंनी विचारिले.

"पुस्तकात दिलं न्हाय, बाई."

सगळा वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "ओले अंदरे चूल, गं. पुस्तकात ओले. आमच्या गावाकडं बोलताना ओली. आईनं चूल पेटवली. बस खाली."

कल्याणी बसली नाही. ती उभीच राहिली आणि तिच्या मनात आठ दिवस मागे जाऊन कोणी दार उघडिले. घंटा जाहली तशी ती निघाली. रोज ती मैत्रिणींसह रमतगमत येई, ते त्या दिवशी तिने रस्ता पळत तोडिला. फाटकात तिला वडील भेटले, हाती डबा, पायात एकच चप्पल. दुसरी ते अजून शोधीत होते.

"बाबा, थांबा," ती म्हणाली. "पाच मिन्टं थांबा."

हरिभाऊंस थांबण्याचा हुकूम मिळाला तो त्यांनी अतिशय आनंदाने पाळिला.

आता येथे कल्याणीची खरी कसोटी. सोप्यात उभी राहून 'आत्या, तू चुकलीस' असे ओरडणे सोपे होते. परंतु बाजारात आक्कासाहेबांच्या पिशवीचा एक कान धरून ती लहानपणापासून चालली होती, आणि वांगीवाल्या बायांसमोर आत्याची मान कशी ताठ होते ते तिने पाहिले होते. म्हणून ती आक्कासाहेबांपाशी जाऊन खाली बसली आणि पुस्तक उघडिले.

"आत्या, गवंडी जाताना कानडीत काय म्हणाला गं? जसंच्या तसं सांग."

"ओली आगेत्री, म्हणाला."

"आगेत्री म्हंजे?"

"झाली. एवढं येत न्हाय व्हय तुला? आणि पाचवीत हाय."

"मला येतं तेवढं. ह्या चित्राखाली काय लिहिलंय ते तू बघ."

पानावर चुलीचे चित्र होते. आक्कासाहेबांस कानडी लिपी येत नव्हती. कल्याणीने अक्षरावर बोट ठेवून वाचिले, "ओ, ले." आणि बोट तेथेच ठेविले.

आक्कासाहेबांनी चित्राकडे पाहिले. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले. मग पुन्हा चित्राकडे. हरिभाऊंची सापडलेली चप्पल पायात जाताना वाजली ती सर्वांस ऐकू आली.

"आठ दिस," आक्कासाहेब म्हणाल्या. आणि मग पदर खोचीत, "सिद्रामचं कन्नड जरा गावठी हाय."

"व्हय आत्या," कल्याणी म्हणाली.

"मग बसलीयास काय? काडीपेटी आण. वसुधा, ऊठ. किती वाजले?"

बारा वाजून वीस मिनिटे होऊन गेली होती. आक्कासाहेबांनी आपल्या पायाने रांगोळीची रेघ पुसिली आणि सर्वांच्या आधी आत शिरल्या. चुलीवर हात ठेविला. ती हाडासारखी कोरडी होती. हळदकुंकू वाहिले, सरपण सारिले, काडी ओढिली. धूर नळाच्या वाटेने निमूट वर गेला. रिवाजाप्रमाणे प्रथम दूध तापविले आणि पूर्वेकडे उतू घातले. मग वसुधाबाई ओट्यासमोर उभ्या राहिल्या, दोन्ही पायांवर, आणि चुलीच्या तोंडावर भात व वईलावर आमटी एकाच वेळी चढली. वईल म्हणजे चुलीस जोडून असलेले दुसरे तोंड. भात आणि आमटी एकाच वेळी ऊन ताटात पडण्याचा प्रसंग त्या घरी वीस दिवसांनी आला, आणि हरिभाऊंच्या मांडीस कायमची रजा मिळाली.

सबब नोंद करण्यात येते ती ऐसी. शके एकोणीसशे पाच, माघ वद्य नवमी, शनिवार, दुपारी एकास सात मिनिटे कमी असता चार पाने मांडिली गेली. भात, तुरीची आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि ताक. बाहेरचा एक घासही आला नाही, कुंद्याचा अपवाद निवाड्याने मंजूर. तहाची सर्व कलमे पाळिली गेली, ओटा वसुधाबाईंकडे कायम जाहला. विलंबाचे कारण या ठिकाणी 'गवंड्याची बोली' ऐसे लिहिले आहे, आणि ते आक्कासाहेबांनी वाचून पसंत केले आहे. मोहीम फत्ते.

जेवणे उरकली. वसुधाबाई पाय लांब करून पडल्या. कल्याणी पाणी पिण्यास आत गेली तो आक्कासाहेब एकट्याच ओट्यापाशी उभ्या. सायंकाळकरिता ठेविलेल्या दुधाचे पातेले चुलीवर होते आणि त्या टाचा उंचावून आत डोकावण्याची खटपट करीत होत्या. तीस वर्षे बसून रांधिले, तेव्हा त्यांची उंची कोणाच्या ध्यानीच आली नव्हती. ओटा त्यांच्या छातीस लागत होता, आणि पातेल्यात दूध किती ते त्यांस दिसत नव्हते.

कल्याणी परत फिरली. सोप्यातून जेवणाचा पाट उचलून आणिला आणि आत्याच्या पायांशी ठेविला.

"माझं काय अडलं न्हाय," आक्कासाहेब म्हणाल्या. आणि पाटावर चढल्या. दुधात डोकावून समाधान जाहले तेव्हा वरूनच विचारिले, "याला कन्नडात काय म्हणतात गं, पाटाला?"

"मणे."

"मनी म्हंजे घर. ते मला येतं."

"ते घराचं न, आत्या. हे बाणाचं ण."

"मने," आक्कासाहेब म्हणाल्या.

"मणे."

आक्कासाहेबांनी पुन्हा म्हणून पाहिले आणि पुन्हा घरच निघाले. तेव्हा कल्याणीने पाणी पिण्याचे तसेच ठेविले, दप्तरातून पाटी काढिली, तीवर मोठ्या कानडी अक्षरांत तो शब्द लिहिला, आणि पाटावर उभ्या असलेल्या आत्यास नीट दिसेल अशी ती पाटी ओट्यावर दुधाच्या पातेल्याशेजारी उभी करून ठेविली.